पडक्या गढीतलं घबाड: खजिन्याचा तक्ता कसा बांधावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळांत खेळाडूंच्या पात्रांना काय सापडलं, ते खेळ चालवणारा फासे टाकून खजिन्याच्या तक्त्यावरून ठरवतो. असे बहुतेक तक्ते फसतात, कारण त्यांत वस्तू असतात पण जागा नसते. 'सोन्याची ५० नाणी, एक माणिक, जादूची अंगठी' ही ओळ बर्फातल्या गुहेत चालते, बुडालेल्या जहाजावरही चालते. म्हणजे ती कुठलीच नाही. मराठवाड्यात पडक्या गढ्यांना तोटा नाही. त्यातली एक नकाशावर घ्या आणि आधी एवढंच ठरवा, की इथले लोक माल कुठं दडवत होते. भिंतीतलं बळद (धान्याची कोठी), जमिनीतलं पेव (धान्याचा खड्डा), चुलीखाली पुरलेला हंडा, कोनाड्यामागची पोकळी. जागा ठरल्या की वस्तू सुचायला वेळ लागत नाही.

फासे कोणते घ्यायचे? वीसबाजू फाशावर प्रत्येक ओळ सारखीच, ५ टक्के. ज्वारीचं पोतं आणि शापित मुकुट एकाच हिशेबानं पडतात. सहाबाजू दोन फासे टाकून बेरीज घ्या; जी बेरीज, त्या आकड्याची ओळ, म्हणजे तक्त्यात २ ते १२ अशा ओळी. ६, ७ आणि ८ मिळून ३६ पैकी १६ वेळा येतात, २ आणि १२ प्रत्येकी एकदाच. मधल्या ओळींत गढीचा रोजचा ऐवज भरा, टोकाला दुर्मिळ गोष्टी ठेवा. एका बैठकीत चार वेळा फासे पडले, तर टोकाचं काही निघण्याची शक्यता साधारण २० टक्के. मोहिमेला एवढं पुरे.

इथंच एक घोळ होतो. चार वेळा टाकल्यावर एखादी ओळ पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून ७ वर 'चांदीचा अडकित्ता' असं लिहू नका. 'घरातला धातूचा जिन्नस' लिहा आणि त्याखाली सहा नावांची छोटी यादी ठेवा. एकमेव वस्तू फक्त टोकाला. ती निघाली की ओळ खोडून तिथं नवी लिहायची.

नाण्यांची संख्याही अशीच चुकते. एक फासा गुणिले ३० आणि तीन फाशांची बेरीज गुणिले १०, दोन्हींत ३० ते १८० नाणी आणि सरासरी १०५. पण पहिल्यात दर सहा वेळी एकदा पूर्ण १८० हातात येतात, दुसऱ्यात २१६ वेळी एकदा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या पात्रांना दोनदा १८० मिळाले, की पुढचे तीन सौदे ते घासाघीस न करता उरकतात.

वजन विसरू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ५० नाण्यांचा एक पौंड धरतात, म्हणजे हजार नाणी ९ किलोंच्या वर. देवगिरीच्या यादवांचा सोन्याचा पद्मटंक साधारण पावणेचार ग्रॅमचा. हजार पद्मटंक पावणेचार किलोंच्या आसपास. आपल्या जगात कुठलं नाणं चालतं ते आधी ठरवा, मग हंडा उचलायला किती जण लागतील ते सांगा. शिवाय सगळी नाणी खरी कशाला? मुहम्मद तुघलकानं १३२९-३०च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावानं चालवली, लोकांनी ती घरोघरी पाडली आणि शेवटी त्याला ती खरी नाणी देऊन परत घ्यावी लागली. अशा नाण्यांनी भरलेला हंडा ९ वर ठेवा. बाजारात कुणी घेत नाही, पण परत घेण्याची मुदत संपायला चार दिवस उरलेत आणि राजधानी पाच दिवसांवर आहे.

माझी आवडती ओळ ५ ची: पेव. दगडी झाकण, वर मातीचा थर. बंद पेवातलं धान्य प्राणवायू खातं आणि तळाशी कर्बवायू साचतो. झाकण काढून जो लगेच उतरेल, त्यानं दर फेरीला तब्येतीची तपासणी द्यायची, म्हणजे पात्र तग धरतं का ते फासा टाकून पाहायचं; दोनदा हुकला की शुद्ध हरपली. कंदील दोरीनं खाली सोडला तर तो विझतो, एवढा इशारा पुरेसा आहे आणि तो खेळाडूंनी स्वतः मिळवलेला असतो. पेव तासभर उघडं ठेवून वारा घातला तर धोका टळतो, पण त्या तासात भटके राक्षस येतात का ते पाहायला दोनदा फासा टाका. तळाशी काय? कुजलेली ज्वारी, आणि तिच्यात पुरलेला पितळी डबा.

८ वर बिदरी हुक्क्याचं बूड ठेवा. काळं, धुळीनं माखलेलं. खेळाडू लोखंड समजून टाकून देतात. जस्त आणि थोड्या तांब्याचा हा ओतीव धातू गंजत नाही, म्हणून वर्णन करताना 'शेजारची कढई गंजून चाळण झालीय, हे मात्र गुळगुळीत आहे' एवढंच म्हणा. घासलं की चांदीची वेलबुट्टी दिसते. १० वर पैठणी: रेशीम जिरलंय, जरीची तार शाबूत. वितळवली तर २० नाण्यांची चांदी, पदर न फाडता योग्य घराण्याकडं नेला तर २०० आणि एक ओळख.

वस्तू ठरली की आणखी एक सहाबाजू फासा. १ ला ती मोडकी, २ ते ४ ला जशी आहे तशी, ५ ला तिच्यावर कुणाची तरी खूण, ६ ला तिचा वारस जिवंत आहे आणि शोधतोय. हा सगळा खटाटोप बैठकीच्या आदल्या रात्री करा. सहा निकाल कागदावर लिहून ठेवा. ऐन खेळात तीन तक्ते उलगडले, की पोरं मोबाइल काढतात.

आणि सरकारी वाटा ठेवा. आपल्याकडचा १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यायला सांगतो. तुमच्या राज्यात तो आकडा दहा नाण्यांचा करा, आणि गढीच्या पायथ्याशी पाटलाचा एक माणूस चिलीम ओढत बसवा.