घरचा खाऊ विमानात नेताय? खरी तपासणी मधल्या विमानतळावर होते

विमान बदलून पुढे जायचं असेल आणि हातातल्या बॅगेत घरचं खाणं असेल, तर जिथून निघताय तिथे काय चालतं हे विचारण्यात वेळ घालवू नका. जिथे विमान बदलणार आहात, तिथे काय चालतं ते आधी बघा. मला हे कुणीही सांगितलं नाही. उलट चेक-इन काउंटरवरच्या बाईंनी डबे बघून, "खायचंच आहे ना, काही अडत नाही, शेवटपर्यंत जाईल," असं अगदी ठामपणे सांगितलं. त्यांच्या भरवशावर आम्ही निघालो आणि मध्यरात्री एका परक्या विमानतळावर पुढचं विमान जाता जाता राहिलं. अजून झोप पुरी झालेली नाही, रागही उतरलेला नाही, तरी लगेच लिहितेय. याच रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये.

सोबत बाबा होते. त्यांना मधुमेह आहे. ठरावीक वेळेला पोटात काही गेलं नाही की हात थरथरायला लागतात आणि विमानातल्या जेवणाच्या वेळा काही आपल्या हातात नसतात. म्हणून खाणं घरून नेलं: भाजलेले दाणे आणि बदाम, बिनसाखरेच्या सुक्यामेव्याच्या घट्ट वड्या, उकडलेली अंडी, ब्रेडचे कडक भाजलेले काप आणि त्यावर लावायला घरीच वाटलेलं पीनट बटर, काचेच्या बरणीत.

निघताना काहीच झालं नाही. डबे पट्ट्यावरून गेले, बाहेर आले, संपलं. पहिलं विमानही वेळेवर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

विमान बदलताना पुन्हा पूर्ण सुरक्षा तपासणी होती. हातात जेमतेम सव्वा तास. रांग अशी की पुढचा कोपरा वळला की आणखी एक कोपरा दिसायचा. रांगेच्या कडेला मोठे फलक होते. त्यांवर बाटली, परफ्यूम, टूथपेस्ट, शाम्पू यांची चित्रं होती. खाण्याच्या पदार्थाचं एकही चित्र नव्हतं. माझी मुख्य तक्रार हीच आहे. सर्वात जास्त जप्त होणाऱ्या गोष्टींत लोकांचं खाणं असतं, हे आमच्या पुढच्या ट्रेमधल्या ढिगावरूनच दिसत होतं, मग ते फलकावर का नाही?

आमची बॅग बाजूच्या पट्ट्यावर वळली. तिथे आधीच बऱ्याच बॅगा थांबलेल्या आणि त्या उघडणारा माणूस एकच. आमची पाळी आली तेव्हा त्याने डबे एकेक करून बाहेर काढले आणि बरणी उचलून आडवी धरली. बटर सावकाश एका बाजूला सरकलं. त्याने ते मला दाखवलं, मान हलवली आणि बरणी मागच्या पिंपात टाकली. मग वड्यांचा डबा. त्यावरून त्याने कापडाची छोटी पट्टी फिरवली, बॅगेच्या चेनवरून फिरवली, माझ्या तळहातांवरून फिरवली आणि ती स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्रात घातली. यंत्राने काही म्हटलं नाही. डबा परत मिळाला. पण तोवर बाबा घामाघूम होऊन खुर्ची शोधत होते आणि गेट बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.

आता यामागचं कारण, कारण ते कळलं की डबे कसे भरायचे हे आपोआप कळतं.

ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी अटलांटिकवरची विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला. त्याच वर्षी हातातल्या सामानातल्या द्रव पदार्थांवर १०० मिलीची मर्यादा आली आणि ती जवळपास जगभर पसरली. मर्यादा आतल्या ऐवजाला नसते, भांड्याला असते. २०० मिलीच्या बरणीत तळाशी दोन चमचे असले तरी बरणी जाते. आणि द्रव म्हणजे फक्त पातळ नव्हे. जे ओतता येतं, पिळता येतं, पसरवता येतं ते सगळं त्यात धरतात. मध, जॅम, दही, मऊ चीज, कुठलीही ओली पेस्ट. पीनट बटर तर अमेरिकेच्या नियमांत सरळसरळ द्रवांत मोजलं जातं. पण तेच बटर घरी ब्रेडला लावून दोन काप एकमेकांवर दाबून नेलं, तर ते सँडविच होतं आणि जातं. बरणी नेऊच नका. लावायचं ते घरून लावून न्या.

"आमच्या नातेवाइकांनी मागच्या वर्षी नेलं होतं" या वाक्यावर अजिबात विसंबू नका. काही विमानतळांवर बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र दाखवणारे नवे सीटी स्कॅनर आले आहेत आणि तिथे मर्यादा सैल झाली आहे. पण युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२४ पासून, ज्यांनी ती सैल केली होती अशा विमानतळांवरही १०० मिली पुन्हा लागू केली आणि पुढे २०२५ मध्ये ठरावीक यंत्रांना परत मोकळीक दिली. दोन विमानतळांवर दोन तऱ्हा असतात आणि आपल्याला दोन्हींतून जायचं असतं. डबा भरताना जो नियम कडक असेल तोच धरा.

वड्या का अडल्या? एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात आणि धातू निळे. घट्ट वडी, चीजचा तुकडा, ओलसर केक, चॉकलेटची लादी हे सगळं दाट नारिंगी ठोकळ्यासारखं दिसतं. बरीचशी स्फोटकंही तशीच दिसतात. म्हणून माणसाला हाताने उघडून बघावं लागतं. त्यावर इलाज एकच. वड्या एकावर एक रचून ठोकळा करू नका. पसरट, पारदर्शक डब्यात एका थरात ठेवा. डबा बॅगेच्या तळाशी चार्जर आणि वायरींखाली दाबू नका, सगळ्यात वर ठेवा आणि कुणी सांगण्याआधीच काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. कागदात आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली पुडकी तर नकोच, प्रत्येक पुडकं सोडायला लावतात. आणि डबे भरताना हाताला क्रीम लावलेलं नसू द्या. ग्लिसरीन असलेल्या क्रीममुळे ते पट्टीचं यंत्र कधीकधी खोटा इशारा देतं, मग आणखी अर्धा तास जातो.

बर्फाच्या पिशव्यांबद्दल स्पष्ट सांगते: विमान बदलायचं असेल तर नेऊ नका. अमेरिकेत त्या दगडासारख्या गोठलेल्या असतील तर चालतात, पण अर्धवट वितळल्या की त्यांना द्रवाचाच नियम लागतो. मधल्या तपासणीपर्यंत त्या वितळलेल्याच असणार. म्हणजे गार ठेवावा लागेल असा पदार्थच हातात घेऊ नये. उकडलेली अंडी घरातून निघाल्यावर दोन तासांच्या आत संपवा, पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवू नका.

अमेरिकेत उतरून तिथूनच पुढचं विमान घेणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. पहिल्या विमानतळावर मोठं सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडावं लागतं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी होते. तिकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातात असेल तर तीही उघडून तपासतात, शंका राहिली तर नेऊ देत नाहीत. कोरडं पीठ, प्रोटीन पावडर असलं काही न्यायचंच असेल तर मोठ्या बॅगेत टाका.

आता ज्यांच्यासोबत आजारी माणूस किंवा बाळ आहे त्यांच्यासाठी, कारण हे कळलं असतं तर आमची बरणी कदाचित वाचली असती. बाळाचं खाणं आणि पथ्याचं किंवा औषधासाठी लागणारं द्रव अन्न यांना युरोपात आणि अमेरिकेत १०० मिलीतून सूट आहे, प्रवासापुरतं न्यावं लागतं एवढंच. पण ती सूट आपण मागायची असते. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र वरच्या खिशात ठेवा आणि बॅग पट्ट्यावर टाकायच्या आधी दाखवा. बॅग बाजूला वळल्यावर कुणी ऐकून घेत नाही.

बरणी गेल्यावर आतल्या दुकानातून बाबांसाठी काहीतरी घ्यावं लागलं. ते बेचव होतं, गोड होतं आणि किंमत इतकी की मी पावती दोनदा तपासली. सुरक्षा तपासणीच्या आतली दुकानं अडलेल्या माणसाकडून काढतात, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. म्हणून कोरडं खाणं लागेल त्यापेक्षा एका वेळेचं जास्तच न्या. रिकामी बाटली न्या आणि आत गेल्यावर भरा.

डब्यांची झाकणं मात्र फार घट्ट दाबू नका. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, त्यामुळे आतली हवा फुगते आणि झाकण उडतं. वर पोचल्यावर एकदा उघडून बंद केलं की झालं.

शेवटी उतरताना. सुरक्षा तपासणीतून सुटलेलं खाणं त्या देशात चालेलच असं नाही, हे खातं पूर्ण वेगळं. युरोपीय संघात बाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ आणायला बहुतेक देशांच्या प्रवाशांना बंदी आहे. ब्रेड, बिस्किटं, केक यांत मांस नसेल तर ते चालतात. ताजी फळं तिथे तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्याला अपवाद अननस, केळी, नारळ, ड्युरियन आणि खजूर एवढेच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर कुठलंही खाणं असो, प्रवेशाच्या फॉर्मवर "आहे" म्हणूनच लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील. न लिहिता सापडलं तर न्यूझीलंडमध्ये तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे. विमानात मिळालेलं आणि न खाता बॅगेत टाकलेलं फळसुद्धा त्यात येतं, तेव्हा ते उतरायच्या आधीच खाऊन टाका किंवा विमानातच सोडा.