लिस्बनमध्ये एक दिवस, आईच्या गुडघ्यांच्या हिशोबाने

आई ६८ ची, दोन्ही गुडघे दुखतात, आणि लिस्बन म्हणजे नुसते चढउतार, त्यामुळे जायच्या आधी मला खरंच टेन्शन आलं होतं. त्यात हातात एकच पूर्ण दिवस. पण आईला जायचंच होतं. आम्ही वसईचे, आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम तिला तोंडपाठ, आणि आपल्या किल्ल्यात दोनशे वर्षं राहिलेली ती पोर्तुगीज माणसं मुळात आली कुठून ते एकदा बघायचंय, असं ती कधीपासून म्हणत होती.

मी एकच ठरवलं, सपाटीला चालायचं, चढ आला की लिफ्ट किंवा गाडी, आणि उताराला पण तेच. लोक चढाचाच विचार करतात पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतार जास्त जड जातो, आणि तिथले फुटपाथ छोट्या पांढऱ्या दगडांचे, वर्षानुवर्षं घासून इतके गुळगुळीत झालेत की कोरडे असले तरी पाय सरकतो. आईला स्पोर्ट्स शूज घालायला लावले ते बरं केलं. २४ तासांचा पास काढला, बस, ट्राम, मेट्रो सगळ्याला तोच चालतो, म्हणजे दोन स्टॉपसाठी पण बसमध्ये चढताना हात आखडायला नको.

सकाळी लवकर १५ नंबरची ट्राम पकडून बेलें नावाच्या भागात गेलो. ही नवी लांब ट्राम असते, चढायला उंच पायऱ्या नाहीत, आणि बेलें नदीकाठी असल्यामुळे सगळं सपाट. जेरोनिमूश मठ उघडायच्या आधीच रांगेत उभे राहिलो. (सोमवारी बंद असतो, दिवस बघून जा.) आतल्या चौकाला तिकीट आहे, आम्ही फक्त चर्च बघितलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

कारण आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे. दगडात कोरलेला झोपलेला माणूस, छातीवर हात जोडलेले, खाली बाजूला जहाज कोरलंय आणि दगडाचेच दोरखंड, पीळ न् पीळ मोजता येईल असे. आई कितीतरी वेळ तिथे उभी. मग हळूच म्हणाली, "अगं, हा वारला कोचीला, १५२४ मध्ये. तिथली कबरीची रिकामी जागा मी पाहिलीये, शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा." त्याची हाडं नंतर पोर्तुगालला आणली आणि या चर्चमध्ये तर १८८० मध्ये हलवली. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं नाव, आणि आता त्याच्यापासून हातभर अंतरावर ती उभी होती. माझ्या डोळ्यात पाणी आलं.

बाहेर पडून १८३७ पासूनच्या त्या प्रसिद्ध दुकानात गरम पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, खाल्ले, वरून दालचिनी भुरभुरून. आत बसायला भरपूर जागा आहे, बाहेरची रांग बघून परत फिरू नका. नदीकाठच्या दर्यावर्दींच्या स्मारकापाशी मात्र आम्ही फार थांबलो नाही. ते भव्य आहे, पण १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काय केलं ते आई सांगत होती आणि ते ऐकताना मला तिथे फोटो काढावासा वाटेना.

दुपारी २८ नंबरच्या जुन्या पिवळ्या ट्रामसाठी गेलो तर ही रांग! पाऊण तास उभं राहून आम्ही निम्म्यात पण पोचलो नव्हतो, आईचा पाय भरून आला, मग सोडून दिलं. आणि तेच बरं झालं, कारण खालच्या बाइशा भागात रुआ दुश फांकैरुश नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या गल्लीत सोडते, थोडं चाललं की एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट, आणि गच्चीवर गेलं की खाली लाल कौलं आणि पलीकडे तेजू नदी. लिस्बनचा किल्ला त्याच्याही वर आहे, तिथे ७३७ नंबरची बस जाते, पण आई म्हणाली किल्ले मी रोज बघते.

खरी मजा त्या सुपरमार्केटमध्ये आली. आई भाजीच्या पाट्या एकेक अक्षर लावत वाचत होती. बटाटा. अननस. काजू. कोबीला कोव्ह. "अगं, हे तर आपलंच!" असं इतक्या मोठ्यांदा म्हणाली की शेजारच्या आजी हसायला लागल्या, मग दोघी मिळून बोटाने दाखवत, पाट्या वाचत पुढे निघाल्या, आजी म्हणायच्या पाऑंव, आई म्हणायची पाव. मी वीस मिनिटं नुसती ट्रॉली धरून उभी होते.

संध्याकाळी त्याच लिफ्टने खाली आलो आणि सपाट रस्त्याने सरळ नदीवरच्या मोठ्या चौकात. हा सगळा भाग १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलाय म्हणून रस्ते असे सरळ. त्याआधी इथे राजवाडा होता आणि भारतातून आलेल्या मसाल्यांचा हिशोब ठेवणारी कचेरी पण इथेच. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलो. आईने मघाशी घेतलेला पाव काढला, पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली, एक घास खाल्ला, "आपला मऊ असतो, हा जरा चिवट आहे," म्हणाली आणि अर्धा मोडून माझ्या हातात दिला.