कुणी सोडले, कुणी घेतले?

ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण. हायड्रोजनचे याच्या उलट. दहावीत एवढे पाठ केले की गुण मिळतात. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र आम्हाला तेवढ्यावर सोडले नाही. आज हुपरीत चांदीचे काम करताना त्यांचा तो धडा मला रोज उपयोगी पडतो, म्हणून शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात त्याबद्दलच लिहितो.

मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा सोडण्याचा पुस्तकातला प्रयोग त्यांनी केलाच. पण मला लख्ख आठवतो तो दुसरा. तपकिरी बाटलीतले सिल्व्हर नायट्रेट परीक्षानळीत घेऊन त्यांनी तांब्याच्या तारेचे वेटोळे आत सोडले. तारेवर आधी करडी लव आली, मग चकाकत्या सुया फुटल्या आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रावण हळूहळू निळे झाले. चांदीकाम करणाऱ्या घरातला मी, पण चांदी अशी वाढताना कधी पाहिली नव्हती.

"यात ऑक्सिजन कुणाला मिळाला?" बाईंनी विचारले. वर्ग गप्प. "मग असं विचारा, इलेक्ट्रॉन कुणी सोडले आणि कुणी घेतले?"

तांब्याच्या एका अणूने दोन सोडले, चांदीच्या दोन आयनांनी, म्हणजे विद्युतभारित अणूंनी, एकेक घेतला. सोडणाऱ्या तांब्याचे ऑक्सिडीकरण, घेणाऱ्या चांदीचे क्षपण, आणि दोन्ही एकाच वेळी. ऑक्सिजनची जुनी व्याख्या यामुळे खोटी ठरत नाही. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा, त्यानंतर तीच कल्पना रुंदावली, हेही बाईंनी सांगितले. मला वाटते, व्याख्येच्या आधी मुलांना हा प्रश्नच द्यावा.

चांदीच्या शुद्धीकरणात हाच प्रयोग मोठ्या भांड्यात चालतो. मोडीतली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते तेव्हा ती इलेक्ट्रॉन सोडते. घेतो तो नायट्रेटमधला नायट्रोजन, आणि त्यातूनच तपकिरी धूर निघतो. तो विषारी असतो. चांगला एक्झॉस्ट नसेल तर या कामाला हात लावू नये. मग त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. ६३.५ ग्रॅम तांबे विरघळले की सुमारे २१६ ग्रॅम चांदी खाली बसते. हा हिशेब एकास दोन या इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतून आणि दोन्ही धातूंच्या अणुभारांतून येतो.

चांदी पूर्ण उतरली का, हे पाहायला वरच्या निळ्या पाण्याचा थोडा नमुना काढून त्यात मिठाचे पाणी टाकतात. पांढरा साका धरला तर चांदी शिल्लक आहे. इथे मात्र कुणी सोडत नाही, कुणी घेत नाही. चांदीचा आयन क्लोराइडशी जोडला जातो, ऑक्सिडीकरण संख्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडल्या-घेतल्याचा हिशेब, तीच राहते. प्रत्येक अभिक्रिया रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाची, नसते, हे बाई बजावून सांगत. कारखान्यात नव्या पोरांना मी हा फरक आवर्जून दाखवतो.

काळवंडलेले पैंजण ॲल्युमिनियमच्या फॉइलला टेकवून सोड्याच्या गरम पाण्यात ठेवले की उजळतात, तिथेही तोच प्रश्न लागू पडतो. ॲल्युमिनियम सोडते, सल्फाइडमध्ये अडकलेली चांदी घेते आणि पुन्हा धातू होते. घासून चांदी झिजते, तशी यात झिजत नाही.

शाळेला एक विनंती आहे. सिल्व्हर नायट्रेट महाग म्हणून हा प्रयोग फळ्यावर उरकू नये. दरवर्षीची बाटली माझ्याकडून येईल, तार आणि पट्ट्याही. फक्त दहावीच्या प्रत्येक तुकडीला ती परीक्षानळी जवळून पाहायला मिळावी.