स्नेक प्लांटने कुंडी फोडली, स्पायडर प्लांटने मला फसवलं

शेवटी स्नेक प्लांटने कुंडी फोडलीच. काठापासून तळापर्यंत उभी चीर, आणि चिरेतून बोटाएवढा नारिंगी गड्डा बाहेर डोकावतोय. प्लास्टिकची ती गोल कुंडी गेले काही महिने लंबगोल होत चालली होती आणि मी रोज कौतुकाने बघत होतो. पानं मात्र ताठ. पाच वर्षं एकाच कुंडीत काढूनही त्याची काही तक्रार नव्हती.

कुंडी कात्रीने कापूनच काढावी लागली. आत माती उरली होती मूठभर, बाकी सगळी मुळं. ही पिवळ्या काठाची जात आहे. पानाच्या तुकड्यापासून रोप केलं तर तो काठ टिकत नाही, म्हणून गड्डाच दोन ठिकाणी विभागला. काप दोन दिवस सुकू दिले, मग लावलं आणि आठवडाभर पाणी दिलं नाही.

स्पायडर प्लांटची गोष्ट वेगळी. त्याच्या कुंडीत पाणी ओतलं की लगेच खाली थाळीत. मी मनात म्हणायचो, वा, काय निचरा आहे! पण तिसऱ्या दिवशी पानं मलूल, शेंडे तपकिरी. शंका आली म्हणून कुंडी वजनकाट्यावर ठेवली. अर्धा लिटर पाणी ओतलं आणि वजन वाढलं जेमतेम ६० ग्रॅम. म्हणजे पाणी कडेकडेने पळत होतं, मधला गोळा कोरडाच. तीच कुंडी वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवली, तर २५० ग्रॅम वाढलं!

रोप उपसल्यावर भाजीतल्या लहान मुळ्यांसारखी पांढरी, रसरशीत मुळं वेटोळी घालून बसलेली दिसली. त्यांच्यात पाणी साठतं, म्हणून हे रोप दाटीवाटी इतके दिवस निभावून नेतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बाहेरची वेटोळी बोटांनी सोडवली, काही तुटली, हरकत नाही. १४ सेंमीच्या कुंडीतून १७ सेंमीच्या कुंडीत हलवलं. तीन आठवड्यांत मधून नवी पानं आली.

त्यामुळे ‘तळाच्या भोकातून मूळ दिसलं की कुंडी बदला’ हा माझा जुना नियम बाद. आता बघतो ते एवढंच, की एकदा नीट भिजवलेली कुंडी पुढच्या पाण्यापर्यंत दम धरते का. पूर्वी आठवडाभर पुरणारं पाणी दोन दिवसांत संपायला लागलं की नवी पालवी फुटायच्या सुमारास बदलायची.

झीझीच्या (ZZ प्लांट, जमिनीखाली कंद असलेलं घरातलं रोप) बाबतीत माझी चूक बरोबर उलटी होती. गेल्या वर्षी लाडाने १२ सेंमीवरून थेट २२ सेंमीच्या कुंडीत टाकलं. मुळं पोचतात तेवढी माती लवकर सुकते. बाकीची तीन आठवडे ओली राहिली. दोन दांडे पिवळे पडले, एक कंद दाबला तर पिचपिचीत. तो काढून टाकला आणि उरलेलं रोप १४ सेंमीच्या कुंडीत आणलं, आता ठीक आहे. तेव्हा तळाला खडेही घातले होते. त्यांचा उपयोग शून्य, कारण बारीक मातीतलं पाणी सहजासहजी खड्यांत उतरत नाही, ओला थर फक्त वर सरकतो.

होयाला (मेणासारख्या फुलांचा वेल) हात लावणार नाही. मुळं दाटली की तो फुलतो असं सगळे सांगतात. माझ्या होयाची मुळं दाटलेली होतीच, पण फुलला तो उजेडाच्या खिडकीत आणल्यावर. जुन्या फुलांचे देठ मात्र कापू नका, पुढचे झुबके त्यांच्यावरही येतात.

स्नेक प्लांटच्या दुसऱ्या तुकड्याचं एक पान अजून हलवलं की डुलतंय. म्हणजे मुळांनी पकड घेतलेली नाही. काडीला बांधून ठेवलंय.