निशाणी ४१

"वकील साहेब, सनद मिळून किती वर्षं झाली?"

भरल्या कोर्टात हा प्रश्न आला की उत्तर द्यायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. नवखा असताना अशाच एका न्यायाधीश साहेबांना तडकून बोललो होतो. बाररूममध्ये मला शाबासकी मिळाली, आणि पुढच्या तारखांना भुर्दंड अशिलाने भरला.

या वेळी कायम मनाईचा, म्हणजे समोरच्याला कायमचं रोखणारा हुकूम मागणारा दावा होता. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराच्या सरतपासाच्या (त्याच्याच बाजूने दिलेल्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, कुंपण माझ्या डोळ्यांदेखत घातलं. मी उलटतपासात विचारलं, "त्या वर्षी राहायला कुठे होता?" तो अडखळला, तेवढ्यात साहेबच म्हणाले, "इररिलेव्हंट. पुढचा प्रश्न." मी कारण सांगू लागलो तर "मला कायदा शिकवू नका", आणि मग ते सनदेचं. मागच्या बाकावरच्या माझ्या अशील बाईंनी मान खाली घातली.

दिवाणी दाव्यात साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत उतरवत नाहीत, सलग लिहितात. "असे म्हणणे खरे नाही की..." हा तो ठरलेला साचा. त्यामुळे नाकारलेला प्रश्न कागदावर उरतच नाही. अपिलात वरच्या कोर्टाला वाटतं, वकिलाने विचारलंच नव्हतं. साहेबांचा चढलेला आवाज, ते कुत्सित हसू, यातलंही काही रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, येत नाही.

मी बसलो. कोऱ्या कागदावर हातानेच चार ओळी लिहिल्या: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० प्रमाणे हा प्रश्न व तो नाकारल्याची नोंद घ्यावी. हात थरथरत होता. अक्षर तसंही वाईटच. समोरच्या वकिलांनी "हरकत आहे" एवढंच म्हणणं दिलं. क्लार्कने अर्जावर निशाणी ४१, म्हणजे दाव्याच्या फाइलमधला क्रमांक, टाकली.

आता त्या अर्जाखाली हुकूम करणं आलं. नामंजूर करायचा तर कारण लिहावं लागणार, आणि लिहिलेलं उद्या वर जाऊ शकतं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. पेन उचललं, ठेवलं.

"विचारा."

"त्या वर्षी मी नोकरीसाठी परगावी होतो." स्टेनोची बोटं चालू झाली.

बाररूममध्ये ज्युनियर म्हणाला, "तक्रारच ठोका, सर." अवमानाची भीती उगीच असते हे खरं, न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ६ नुसार खालच्या न्यायाधीशाविषयी उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं निवेदन अवमान ठरत नाही. शिवीगाळ असती, पैशांचा वास असता, तर केलीही असती. एका तापट सकाळसाठी नाही. बोर्डही, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, खचाखच होतं.

दुपारी त्याच कोर्टात दुसऱ्या दाव्यात माझा मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा, अर्ज होता. साहेबांनी मान वर न करता खाली लिहिलं, "नामंजूर."