अकरा तारीख, वीस तारीख आणि माझं आतडं

इंदूरला स्वच्छतेचा पहिला नंबर २०१७ साली मिळाला आणि मग मिळतच राहिला. लोकांना त्यावरून कचरागाडीवरचं गाणं आठवतं, मला सार्वजनिक शौचालयं. रामबागेतून विजयनगरच्या ऑफिसात जाताना वाटेत कोणतं कुठे आहे, सकाळी कोणतं उघडं असतं, कुठे नळाला पाणी असतं, सगळं पाठ आहे. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे.

मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं, त्याला जखमा होतात, रक्त पडतं. बिघडलं की तासातासाला धावावं लागतं. मग महिनेच्या महिने काही नाही, इतकं की आपण आजारी आहोत याचाच विसर पडावा. सुरुवातीला आव म्हणून औषधं झाली, नंतर मूळव्याध म्हणून. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी केल्यावर खरं नाव कळलं. सासूबाईंनी सगळं खापर सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खाण्यावर फोडलं. डॉक्टर म्हणाले, खाण्यामुळे त्रास वाढू शकतो, पण हा आजार खाण्यामुळे झालेला नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. पूर्ण बरा होत नाही, आटोक्यात राहतो. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

मी एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्स बघते. दर महिन्याला जीएसटीची दोन रिटर्न्स: विक्रीचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला, कर भरायचं ३बी वीस तारखेला; त्याआधी सात तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर भरायचा. ३बी चुकली की दिवसाला पन्नास रुपये लेट फी, वर व्याज. सरकारच्या तारखा ठरलेल्या, माझ्या आतड्याच्या नाहीत. नोकरीतलं माझं सगळं दुखणं एवढंच होतं.

पहिलं वर्ष रजा मागण्यात गेलं. मेडिकल संपली, अर्जित संपली, मग बिनपगारी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना चेहरा सुजतो, भूक खवळते, रात्री झोप येत नाही; आणि ऑफिसात लोक म्हणतात, ‘वा, तब्येत सुधारली की!’ एकदा दोन दिवसांनी कामावर गेले तर मॅनेजर म्हणाले, ‘परसों तो आप एकदम ठीक थीं।’ होतेच ठीक. ते कसं समजावणार?

कायद्यात काही आधार मिळतो का तेही पाहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आजारपणात वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के पगार मिळतो, पण त्यासाठी पगार एकवीस हजारांपर्यंत हवा. माझा वर होता. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर आयकरात सवलत देणाऱ्या ८०डीडीबी कलमातही माझा आजार बसला नाही. थोडक्यात, जे काही मिळवायचं ते ऑफिसकडूनच.

शेवटी पत्र लिहायचं ठरवलं, तेही तब्येत चांगली असताना. त्रास चालू असताना मागितलं की ती विनवणी होते, आणि समोरचाही दया दाखवून मोकळा होतो. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, पण नेहमीची ‘पूर्ण विश्रांती’वाली नको म्हटलं. विश्रांती लिहिली की रजा आली, आणि मला काम करायचं होतं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: आजार दीर्घकाळचा आहे, त्रास पूर्वसूचना न देता वाढतो, त्या दिवसांत प्रवास शक्य नसतो, बसून काम शक्य आहे. या एका ‘शक्य आहे’नं बरंच काम केलं.

माझ्या पत्रात आतड्याचं वर्णन नव्हतं, कामाचं होतं. त्रास असेल त्या दिवशी सकाळी आठच्या आत मेसेज करीन आणि घरून काम करीन, त्याला आदल्या दिवशीची परवानगी लागू नये. जागा कोपऱ्यातली, स्वच्छतागृहाजवळची. आणि मुख्य म्हणजे तारखा. २बी, म्हणजे आमच्या खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं विवरण, चौदा तारखेला येतं, त्यावरून खरेदीचा ताळमेळ लावून ३बी सतरापर्यंत तयार ठेवीन, म्हणजे वीसच्या आधी दोन-तीन दिवस हाताशी राहतील. रिटर्न भरताना कॉम्प्युटरला लावायचा डिजिटल सहीचा डोंगल ऑफिसच्या कपाटात असतो, घरून तो लावता येत नाही. म्हणून शेवटची पायरी दुसऱ्या कुणाला तरी यायला हवी, आणि ते मीच शिकवीन असं लिहून टाकलं.

मॅनेजरांचं म्हणणं, ‘ऐसे तो सब माँगेंगे।’ म्हटलं, मागू द्या, डॉक्टरांचं पत्र त्यांनाही आणायला सांगा. एचआरनं तीन महिने करून बघू म्हणून मंजुरी दिली. त्या तीन महिन्यांत एकदा खरोखरच जोराचा त्रास झाला, नेमका एकोणीस तारखेला. रिटर्न तयार होतं. शिकवलेल्या मुलानं मला फोनवर ठेवून डोंगल लावला आणि भरलं. मंजुरी कायम झाली ती त्यामुळेच असं मला वाटतं, पत्रातल्या भाषेमुळे नव्हे.

सगळं जमलं असं नाही. देवास-रतलामच्या शाखांचे दौरे मी सोडले, आणि त्यांच्याबरोबर वरच्या जागेची संधीही गेली. ते अजून टोचतं. शनिवारी ऑफिसात पोहे-जलेबी येते तेव्हा तब्येत बरी असेल तर मीही खाते, वर शेव आणि जिरावण मसालासुद्धा. मग कुणीतरी म्हणतंच, ‘इनको तो कुछ नहीं हुआ है।’ पूर्वी उत्तर द्यायची, आता देत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन मी घेते; त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्यामुळे ठराविक काळानं रक्त तपासावं लागतं. ते मी कामावर जायच्या आधी उरकते आणि त्यासाठी रजा टाकत नाही.

एप्रिलपासून आमच्याकडे नवे मॅनेजर येणार आहेत. मंजुरीचं पत्र एचआरच्या फाइलमध्ये आहे, पण फाइल कोण उघडून बघतं? प्रत काढून ठेवली आहे. पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे घेऊन जाईन, अकरा तारखेच्या आत.