तुम्ही विचारलंत म्हणून: पाटीवरचं अक्षर

नऊ ऑगस्ट जवळ आला की दर वर्षी कुणी ना कुणी घरी येतं. कॉलेजची पोरं, एखादी पीएचडी करणारी मुलगी, कधी वर्तमानपत्राचा माणूस. प्रश्न ठरलेला. ‘आज्जी, तुमच्या घरात भूमिगत माणूस खोट्या नावानं अडीच महिने राहिला. गावाला कळलं कसं नाही? तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या, तुमच्या तोंडून काही निसटलं नाही?’

मी सांगत आले, आमच्या गावात फितुरी नव्हती. ऐकणाऱ्यांना ते आवडतं. मलाही आवडायचं.

यंदा विचारायला शेजारच्या आबांचा नातू आला. गावात आसरा देणाऱ्या घरांची पाटी लागणार आहे, त्यात त्यांचं घर नाही. म्हणाला, ‘आज्जी, आमचे आबा खबऱ्या होते म्हणतात. खरं का?’ मी त्याला चहा दिला. उत्तर दिलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक चूक दुरुस्त करते. गावाला कळलं नाही, हे खोटं आहे. येरळेकाठचं तीनशे उंबऱ्यांचं गाव. माझ्या आईला सख्खे किती, चुलत किती, मावसभाऊ किती, हे गावातल्या बायकांना तोंडपाठ. १९४३ च्या दिवाळीत आमच्याकडे ‘मावसभाऊ’ म्हणून आलेला माणूस त्यात बसत नव्हता. त्यांना मोटेच्या नाड्यावर बसता येत नव्हतं, बैल त्यांचं ऐकत नव्हते, आणि मधल्या बोटाला टाकाचा घट्टा होता. आठ दिवसांत सगळ्यांना उमगलं. कशावरून म्हणाल, तर विहिरीवर एकाही बाईनं आईला विचारलं नाही, ‘पाव्हणं कधी जाणार?’ पाहुणा अडीच महिने राहतो आणि कुणी विचारत नाही, असं आमच्याकडे होत नसतं.

हे सगळं नुसतं देशप्रेम होतं का? होतं, ते कुणी काढून घेऊ नये. भीतीही होती. त्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली होती, पोलीस पिसाळले होते. प्रतिसरकार चालवणाऱ्या नाना पाटलांच्या घरादारावर जप्ती आलेली सगळ्यांना ठाऊक होती. आणि पोलिसांशी बोलणाऱ्याच्या तळपायांवर प्रतिसरकारची माणसं काठ्या मारतात तेही ठाऊक होतं. गावानं तोंड मिटलं त्यात दोन्ही होतं. किती काय होतं, ते मला वेगळं करता येत नाही.

आता माझं.

त्या पाहुण्यांना मी मामा म्हणायचे. मामांनी मला अक्षर शिकवलं. आमच्या घरात कुणालाच लिहिता येत नव्हतं. त्यांनी बाजारातून पाटी आणायला लावली. संध्याकाळी दिव्यापुढं माझा हात हातात धरून ते ‘ग’ची काठी सरळ काढून घ्यायचे. वाकडी आली की थुंकी लावून पुसू द्यायचे नाहीत, ओलं फडकं द्यायचे. त्यांनी हे करायला नको होतं, असं मी पुष्कळदा मनात त्यांच्याशी भांडले आहे. पण लपलेला माणूस खोट्या नावापायी क्वचितच सापडतो, मायेपायी सापडतो. भूमिगत असलेले यशवंतराव चव्हाण आजारी पत्नीला, वेणूताईंना, बघायला फलटणला गेले आणि तिथंच पकडले गेले.

संक्रांत नुकतीच झाली होती. मी सोप्यात पाटी घेऊन बसले होते. चोळखण विकणारा एक माणूस पाणी मागायला आला. पाणी पिता पिता पाटीकडं बघून म्हणाला, ‘अक्षर झ्याक हाय की गं. साळंत जातीस?’

‘न्हाय.’

‘मग कुणी शिकीवलं?’

‘मामानं.’

‘मामा मास्तर हायेत व्हय?’

‘न्हाय. पर त्यास्नी इंग्रजी बी येतं.’

हे मी छाती फुगवून सांगितलं. त्यानं तांब्या पालथा घातला, गाठोडं उचललं आणि एकही खण न दाखवता गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पोलीस आले. मामा मळ्यात झोपले होते. कुत्री भुंकली तसे ते उभ्या शाळवातून निघून गेले. पोलिसांनी बळदातला जोंधळा उपसून अंगणात ओतला, त्यावरून बूट घालून चालले. वडिलांना दोरी लावून नेलं, ते दोन महिन्यांनी सुटले.

गावात एकच बोललं जाऊ लागलं, सांगितलं कुणी? आबांचा मेव्हणा पोलिसात शिपाई होता. तेवढं पुरलं. रात्री घोंगड्या पांघरलेले चार जण आले. कोण होते, कुठल्या गटाचे, की चळवळीचं नाव सांगून फिरणारे नुसतेच गुंड, मला आजही माहीत नाही. भिंतीपलीकडून आबांचा आवाज येत होता, ‘पोराची आण, म्या न्हाय.’ मी आईच्या कुशीत जागी होते. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

सकाळी आईनं वाटीत गरम हळद-तेल दिलं आणि मला पलीकडं पाठवलं. आबा घोंगडीवर पालथे पडले होते. तळपाय फुगून वांग्याच्या सालीसारखे जांभळे झाले होते, टाचेपाशी कातडी फाटली होती. त्यांनी मान वळवून मला पाहिलं. म्हणाले, ‘तू कशाला आलीस पोरी, भ्याशील.’

त्याच संध्याकाळी माझी पाटी घरातून नाहीशी झाली. मी आईला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती जाईपर्यंत आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

१९४६ साली वॉरंटं मागं घेतली गेली. मामा त्यांच्या खऱ्या नावानं गावात आले, हारतुरे झाले. ते म्हणाले, ‘या गावानं मला पोटात ठेवलं.’ आबा त्या गर्दीत नव्हते. ते मळ्याच्या वाटेनं पावलांच्या कडांवर चालत निघाले होते, पुढं आयुष्यभर चालले तसे.

नऊ वर्षांची पोर होते, तिचा काय दोष, असं माझी मुलगी म्हणते. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण आबा गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. चार पोरांची आई होते. तेव्हा कसली भीती होती? तो चोळखणवाला पोलिसांचाच माणूस होता याचा पुरावा नाही, हेही मी घोकत आले. कदाचित तो साधा फेरीवाला असेल. कदाचित आबांनी मेव्हण्याला खरंच काही सांगितलं असेल. तसं मनात आलं की मला बरं वाटतं, आणि लगेच ते जांभळे तळपाय दिसतात.

गुरुवारी तो नातू पुन्हा येणार आहे. हे कागद मी कुणालाही देण्याआधी त्याला वाचून दाखवणार आहे. चोळखणवाल्यापासून सगळं.